जुम्याची रात म्हणजे कोणती रात?



परीक्षा संपत आल्या की आमच्या स्टाफरूममध्ये आणि मोहल्ल्यातही एकच विषय निघतो. कुणाचे मियाँ कुवेतला, कुणाचा मुलगा दोह्याला, कुणाची मुलगी शारजात. ‘बाजी, तुम्ही मोबाईलवर तिकीट काढता म्हणे. जरा स्वस्तातलं बघा ना!’ कोकणातल्या आमच्या गावात असं घर विरळाच, जिथून आखातात कुणी गेलेलं नाही. त्यामुळे विमानाचं तिकीट ही आमच्याकडे चैनीची गोष्ट राहिलेली नाही. डाळ-तांदळासारखीच तीही घरखर्चाची बाब झाली आहे.

मी लोकांना तिकीट काढून देते हे खरं. पण हे शिक्षण मला फुकट मिळालेलं नाही. त्याची फी माझ्या अम्मीने भरली. ती हकिकत आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

माझा धाकटा भाऊ शारजात नोकरीला आहे. तीन वर्षांपूर्वी भावजयीचे दिवस भरत आले होते. घरात चार वर्षांचा मोठा मुलगा, भावाची ड्युटी बारा तासांची. बाळंतपणाला अम्मीने जायचं ठरलं. अम्मीने भिशीचे पैसे पुढे केले. म्हणाली, ‘पोराच्या पगारातून नको, त्याला आता खर्च आहे.’ तिच्या आयुष्यातला तो पहिलाच विमानप्रवास, आणि तोही एकटीने.

मी चार दिवस मोबाईलवर डोळे लावून बसले. अकरा हजार, दहा हजार आठशे, बारा हजार. आणि एका रात्री अचानक ९,४०० रुपयांचं तिकीट दिसलं. मुंबई ते शारजा, थेट विमान, १२ तारीख, शुक्रवार, वेळ ००:५०. मी लगेच पैसे भरले.

सकाळी अम्मीला सांगितलं, ‘शुक्रवारी रात्रीचं विमान आहे.’

अम्मीने विचारलं, ‘म्हणजे जुमेरातला मगरिब झाली की निघायचं ना?’

मी हसले. ‘नाही अम्मी. शुक्रवारी रात्री. जुमा झाल्यावर.’

‘अगं, पण जुम्याची रात जुमेरातलाच असते,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘विमानाचं कॅलेंडर वेगळं असतं.’ अम्मी गप्प बसली. मुलगी बीएड झालेली, शाळेत शिकवते, तिला जास्त कळत असणार.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर आम्ही गाडी करून निघालो. सहा-सात तासांचा रस्ता. अम्मीच्या बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, मेथी, बाळासाठी जुन्या मलमलच्या साडीचे लंगोट. रात्री साडेनऊला विमानतळाच्या दारात पोहोचलो. गेटवरच्या जवानाने तिकीट पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, ‘मॅडम, ही फ्लाइट तर काल रात्रीच गेली.’

००:५० म्हणजे मध्यरात्री बारा वाजून पन्नास मिनिटं. शुक्रवार सुरू होऊन फक्त पन्नास मिनिटं झालेली. विमान गाठायला आम्ही गुरुवारी संध्याकाळी विमानतळावर असायला हवं होतं. अम्मी म्हणाली होती तसं, जुमेरातला.

तिकीट परत न मिळणाऱ्या प्रकारातलं होतं. त्या रात्री जे मिळालं ते दुसऱ्या दिवशी रात्रीचं, २३,६०० रुपयांचं. अम्मी तोवर मुंबईत नातेवाइकांकडे राहिली. शनिवारी पहाटे भावजय बाळंत झाली. मोठ्या मुलाला शेजारची एक मल्याळी बाई सांभाळत होती. अम्मी पोहोचली ती रविवारी पहाटे. भाऊ फोनवर एवढंच म्हणाला, ‘बाजी, रडू नको. मुलगी झाली आहे, दोघी ठीक आहेत.’ अम्मी आजतागायत एक शब्दही बोललेली नाही. तिने बोलून घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कधी कधी वाटतं.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. दरवर्षी दहावीच्या मुलांना सांगते, ‘प्रश्न दोनदा वाचा, मगच उत्तर लिहा.’ मी मात्र ९,४०० हा आकडा दहा वेळा वाचला होता आणि वेळ एकदाच.

स्वस्त तिकीट मिळतं. नक्की मिळतं. ते कसं शोधायचं हे खाली सांगते. पण ते कसं वाचायचं हेही सोबत सांगते, कारण न वाचलेलं स्वस्त तिकीट सगळ्यात महाग पडतं.

भाव खाली-वर का होतो?

एकाच विमानात, एकाच रांगेत बसलेल्या तिघांनी तीन वेगळे भाव दिलेले असतात. विमान कंपनी सीटांचे गट पाडते. काही सीट सगळ्यात कमी भावाच्या, काही त्याहून वरच्या, काही अगदी महाग. कमी भावाच्या सीट संपल्या की पुढचा भाव सुरू होतो. विमान भरत नाही असं दिसलं तर कंपनी भाव उतरवतेही. म्हणून सकाळी पाहिलेला भाव संध्याकाळी बदलतो. ‘मंगळवारी रात्री बारानंतर तिकीट स्वस्त होतं’, ‘मोबाईलमधली हिस्ट्री पुसली की भाव उतरतो’ असे तोडगे लोक सांगतात. मी सगळे करून पाहिले. भरवसा ठेवावा असा एकही निघाला नाही.

यातून एक कामाची गोष्ट मात्र निघते. पाच माणसांचं तिकीट एकदम शोधलं आणि कमी भावाच्या तीनच सीट शिल्लक असल्या, तर बहुतेक वेळा पाचही जणांना वरचा भाव दाखवला जातो. म्हणून आधी एका माणसाचा भाव पाहा, मग पाच जणांचा. फरक दिसला तर तीन आणि दोन अशी वेगळी तिकिटं काढता येतात. पण मग बुकिंग दोन होतात. विमान रद्द झालं किंवा वेळ बदलली तर दोन्हीकडे वेगळं बोलावं लागतं. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना एकट्याच्या बुकिंगवर टाकू नका.

केव्हा काढावं?

आखाताचा भाव आपल्या शाळेच्या सुट्टीपेक्षा तिकडच्या शाळेच्या सुट्टीवर जास्त ठरतो. तिकडे जुलै-ऑगस्टमध्ये शाळा बंद असतात. जून संपता संपता तिकडून इकडे येणाऱ्यांची झुंबड उडते आणि ऑगस्टच्या शेवटी इकडून तिकडे परतणाऱ्यांची. म्हणजे गर्दी एका दिशेने असते. तुमची सासू किंवा आई त्याच्या उलट दिशेने जाणार असेल, म्हणजे जूनअखेर मुंबईहून आखातात, तर भाव बराच नरम मिळू शकतो. ऑगस्टच्या शेवटी तेच तिकीट काढायला गेलात तर खिसा रिकामा होतो.

दुसरी गर्दी ईदची. आपलं हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे दोन्ही ईद दरवर्षी तेवढ्या अलीकडे सरकतात. ‘गेल्या वर्षी एप्रिलमध्ये स्वस्त मिळालं होतं’ हा हिशेब म्हणूनच आपल्याला लागू पडत नाही. आधी ईदची तारीख पाहा, मग तिकिटाची. ईदच्या आदल्या आठवड्याऐवजी ईदनंतर आठ-दहा दिवसांनी निघता आलं तर फरक दिसतो.

तारीख पक्की नसेल तर गुगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनर यांवर महिनाभराचे भाव कॅलेंडरवर एकत्र पाहता येतात. दोन दिवस मागे-पुढे केल्यावर किती वाचतात ते लगेच कळतं. भाव उतरला की कळवा, अशी सूचनाही लावून ठेवता येते. मग रोज डोळे फोडून घ्यायची गरज नाही. तिथे विमान सापडलं की शक्यतो त्या विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन तिकीट काढावं. दहावीस रुपये जास्त पडले तरी चालतील. पुढे काही बदलायचं झालं तर मध्ये तिसरा माणूस नसतो.

व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारं तिकीट काढू नका. ऑफर आज रात्री संपणार असली तरी नको. ऑफर पुन्हा येते.

खरा भाव काढा

कागद-पेन्सिल घ्या. समजा, एक तिकीट ९,५०० रुपयांचं आहे, पण त्यात फक्त ७ किलोची हातातली बॅग आहे. दुसरं ११,५०० चं आहे आणि त्यात ३० किलो सामान आहे. बाळंतपणाला निघालेली नानी ७ किलोत जाणार नाही. सामानाचे किलो वेगळे घेतले की पहिलं तिकीट दुसऱ्याच्या वर जातं. किलो वाढवायचे तर तिकिटाबरोबरच वाढवावेत, विमानतळावर तेच किलो खूप महाग पडतात. उमऱ्याहून येणाऱ्यांनी जमजमची बाटली वेगळी नेऊ देतात का, किती लिटरची आणि कशा पॅकिंगमध्ये, हे तिकीट काढतानाच पाहावं.

पैसे भरायच्या शेवटच्या पानावर माणशी सुविधा शुल्क लागतं. सीट निवडायचे पैसे, विमा, जेवण यांवर आधीच खूण केलेली असू शकते. नको असेल ते काढून टाका. ज्या विमानात जेवण भाड्यात धरलेलं असतं तिथे ‘मुस्लिम मील’ असा पर्याय आधी मागून ठेवता येतो. स्वस्त विमानांत बहुधा जेवण विकत घ्यावं लागतं. तेव्हा घरून डब्यात चपाती आणि सुकी भाजी बरी.

घरापासून विमानतळापर्यंतचा खर्चही तिकिटातच धरा. पहाटे चारचं विमान दोन हजारांनी स्वस्त असेल, पण त्यासाठी रात्रीची खास गाडी करावी लागली तर बचत कुठे राहिली? आमच्यासारख्या कोकणातल्या माणसाने तर गाडी उशिरा पोहोचेल आणि घाटात अडकेल असं धरूनच चालावं. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात. परदेशी जाताना तीन तास आधी पोहोचा.

विमानतळाचं नावही वाचा. दुबई आणि शारजा ही वेगवेगळी विमानतळं, पण शहरं शेजारी. शारजाचं तिकीट स्वस्त असेल आणि भाऊ घ्यायला येणार असेल तर अवश्य घ्या. गोव्यात दाबोळी आणि मोपा अशी दोन विमानतळं आहेत. सिंधुदुर्गातल्या माणसाला मोपा जवळ पडतं आणि चुकून दाबोळीला गेलात तर विमान गेलंच समजा.

नाव, पासपोर्टवर आहे तसं

आपल्या घरांत ही चूक फार होते. ‘शेख’ हे आडनाव इंग्रजीत कुणी ‘एआय’ घालून लिहितो, कुणी ‘ईआय’. ‘मोहम्मद’ कुठे पूर्ण, कुठे नुसता ‘एमडी’. आधार कार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. तिकिटावर पासपोर्टातलं स्पेलिंग हवं, अक्षरन्‌अक्षर. तोंडी सांगून तिकीट काढू नका. पासपोर्ट समोर ठेवा आणि दुसऱ्याला वाचायला लावा.

जुन्या बायकांच्या पासपोर्टवर कित्येकदा एकच नाव असतं, आडनावाची जागा रिकामी. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने अशा एकेरी नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश बंद केला. पुढे, पासपोर्टात आत वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल, असा खुलासा झाला. तुमच्या अम्मीचा किंवा दादीचा पासपोर्ट असा असेल तर व्हिसा आणि तिकीट दोन्हींच्या आधी विमान कंपनीला विचारून घ्या. वेळ असेल तर पासपोर्टच दुरुस्त करून घेणं उत्तम.

आणि चूक झालीच तर रडत बसू नका, लगेच फोन करा. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे की, थेट विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेल्या तिकिटातली नावाची चूक २४ तासांच्या आत लक्षात आणून दिली, तर तीच व्यक्ती असल्यास कंपनीने जादा पैसे न घेता ती दुरुस्त करून द्यावी. याच विभागाचा आणखी एक नियम मला फार उशिरा कळला. तिकीट परत न मिळणारं असलं, प्रवासी पोहोचलाच नाही, तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं आपल्या देशातल्या विमान कंपन्यांनी परत द्यायची असतात. आपण होऊन बहुधा कुणी देत नाही, मागावी लागतात. अम्मीच्या चुकलेल्या तिकिटाचे मी मागितले. थोडेच आले, पण तिच्या भिशीचे होते म्हणून तिच्या हातात नेऊन दिले.

एजंटकडून घेताना

सगळेच एजंट वाईट नसतात. ज्यांना मोबाईल जमत नाही त्यांना त्यांचाच आधार आहे. पण व्हॉट्सअॅपवर आलेला तिकिटाचा कागद म्हणजे तिकीट नव्हे. त्यावरचा पीएनआर नंबर आणि आडनाव विमान कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः घालून पाहा. नाव, तारीख आणि ‘कन्फर्म’ हा शब्द दिसला तर तिकीट आहे. कधी कधी सीट नुसती धरून ठेवलेली असते, पैसे भरलेले नसतात. तसं तिकीट मुदत संपली की आपोआप रद्द होतं. पैसे दिल्याची पावती घ्या. एजंट नात्यातला असला तरी घ्या. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा ही तर आपल्याला कुरआनचीच शिकवण आहे.

तिकिटात काही अडलं की लोक गुगलवर कंपनीचा नंबर शोधतात आणि भलत्याच माणसाला फोन लावतात. तो गोड बोलून ओटीपी मागतो आणि खातं रिकामं होतं. नंबर कंपनीच्या अॅपमधून किंवा तिकिटावरूनच घ्या. ओटीपी कुणालाही नको. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

भिंतीवर लावून ठेवा

मी आता कुणाचंही तिकीट काढलं की एका कागदावर मराठीत पाच ओळी लिहून देते. मुलांना म्हणते, हा कागद फ्रिजवर चिकटवा.

१. घरातून निघायचा वार, तारीख आणि वेळ. विमानाची वेळ १२ ते पहाटे ५ मधली असेल तर आदल्या दिवसाचा वार ठळक लिहायचा.

२. कोणतं विमानतळ, कोणतं टर्मिनल.

३. सामान किती किलो, हातात किती.

४. पीएनआर नंबर आणि कंपनीचा खरा फोन नंबर.

५. परतीची तारीख. तिकिटावरची वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. अमिरातीचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदी, कुवेत, कतार आणि बहारीनचं अडीच तास मागे.

म्हातारं माणूस एकटं जाणार असेल तर व्हीलचेअरची मदत तिकिटाबरोबरच मागून ठेवा. चालता येत असलं तरी मोठ्या विमानतळावर वाट सापडणं हीच अडचण असते.

कागद लिहून झाला की तो ज्याला प्रवास करायचा आहे त्याला वाचून दाखवते आणि विचारते, ‘तुम्हाला काय कळलं ते मला सांगा.’ शाळेत मुलांना विचारते तसंच. त्यांनी उलट प्रश्न विचारला तर हसत नाही, तिकीट पुन्हा उघडते.

गेल्या हिवाळ्यात अम्मी दुसऱ्यांदा शारजाला गेली. नात आता दादीच्या मागे मागे फिरते. त्या वेळचं तिकीट पहाटे ०१:२० चं होतं, रविवारचं. मी अम्मीजवळ बसले आणि विचारलं, ‘अम्मी, सांग, कधी निघायचं?’

‘हफ्त्याला. शनिवारी,’ ती म्हणाली. ‘जोहरची नमाज घरी पढून.’

कागदावर मी तेच लिहिलं.